सकाळचा कौल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू माझ्या घरी आलीस तेव्हा चहाचा कप डाव्या हाताने उचललास, आणि तुझी वेणीही त्या दिवशी तुझ्या हातची नव्हती. तुझ्या आईने घाईघाईत घातलेले सैल पेड मला दारातच दिसले. तू मात्र तासभर एमआरआयच्या अहवालाविषयीच बोलत राहिलीस. बेंच प्रेस करताना, म्हणजे बाकावर उताणे पडून वजन वर रेटताना, खांदा दुखावल्याला नऊ आठवडे झाले, पोलीस भरतीचे मैदान केव्हाही जाहीर होईल, डॉक्टरांनी सुरुवातीला विश्रांती सांगितली होती, जिममधला प्रशिक्षक दुखले तरी रेटत राहा म्हणतो, तेव्हा यांपैकी कोणाचे ऐकावे हे मी सांगावे, अशी तुझी अपेक्षा होती. मी नीट उत्तर दिले नाही. मला राग आला होता आणि तो बहुतेक माझ्याच जुन्या मूर्खपणाचा होता, म्हणून आता शांतपणे लिहीत आहे.

पहिल्या काही दिवसांतली विश्रांती योग्यच होती. नवव्या आठवड्यातही तीच चालू ठेवणे म्हणजे खांद्याला आळशी आणि तुला भित्री करणे आहे. दुखणे दाबून रेटणे हा तर निव्वळ अडाणीपणा आहे. खांद्याला दररोज थोडे काम द्यायचे आणि ते झेपले की नाही, याचा कौल त्या क्षणी न घेता दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा, एवढे एकच मला तुला सांगायचे आहे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, आणि तू कंटाळलीस तरी सांगणार आहे.

सकाळीच का, तेही समजून घे. खांदा हा उखळीचा सांधा असला तरी त्याची उखळी फार उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात नीट बसवून ठेवण्याचे काम प्रामुख्याने चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, करतात. छातीचे आणि दंडाचे मोठे स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण कंडरांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे तुझी ताकद पुढे पळाली आणि कंडरा मागे राहिल्या. शिवाय चिडलेली कंडरा लबाड असते: अंग गरम असताना ती गप्प बसते, कधी कधी बरेही वाटते, आणि तिची तक्रार रात्री त्या कुशीवर वळलीस की किंवा सकाळी हात वर नेलास की सुरू होते. म्हणून संध्याकाळी जिममध्ये ‘आज काहीच दुखले नाही’ असे जे तू मला दोनदा कळवलेस, त्याला मी किंमत दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले, ते तू दोन्ही वेळा लिहिले नव्हतेस.

आता त्या अहवालातील ‘अंशतः फाटलेली कंडरा’ या शब्दांविषयी. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांदा मुळीच न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय काढले होते, आणि त्यांतील साठीच्या पुढच्या मंडळींपैकी ५४ टक्के लोकांच्या कंडरा अंशतः किंवा पूर्ण फाटलेल्या निघाल्या. बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. चाळिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ४ टक्केच होते, त्यामुळे अहवाल फेकून दे असे मी म्हणणार नाही; पण चित्रात फाटलेले दिसणे आणि खांदा कायमचा कामातून जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खांद्याचे वरचे हाड कंडरेवर घासते आहे, ते तासून घे, असा सल्ला तुझ्या मावसभावाने दिला म्हणालीस. इंग्लंडमधील डॉक्टरांनी दीर्घकाळ खांदा दुखणाऱ्या ३१३ रुग्णांवर हीच शस्त्रक्रिया तपासून पाहिली. काहींचे हाड खरोखर तासले, काहींच्या सांध्यात नुसती दुर्बीण घालून काहीही न करता बाहेर काढली, आणि दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. हे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मावसभावाला नमस्कार सांग.

१९९४ साली मी सत्तावीस वर्षांची होते आणि राज्य पातळीवरील स्पर्धेच्या हव्यासापायी एका पंधरवड्यात बेंच प्रेस ५५ किलोवरून ६२.५ किलोवर नेला. खांद्यात सणक गेली ती तिथेच. मग तीन महिने हात छातीशी धरून बसले, आणि एक दिवस उठून सरळ ५० किलोच्या बारखाली आडवी झाले. पुढच्या वर्षभरात एका दवाखान्यात तीन इंजेक्शने घेतली. प्रत्येक इंजेक्शनाने काही आठवडे कळ थांबायची आणि त्या उसन्या आरामात मी आणखी वजन उचलायची. शाळेतली नोकरी तात्पुरती होती, मुलींना गोळाफेक करून दाखवावी लागे, आणि हात उचलता न येणाऱ्या बाईंना कोणी कायम केले नसते. त्या काळी आम्हाला सांगणारेही कोणी नव्हते.

हे शेवटचे वाक्य खोटे आहे. सांगणारे होते. माझे चुलते कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. त्यांनी माझ्या हाती लाकडाचा एक हलका मुद्गल दिला आणि म्हणाले, रोज दहा फेर कर, अकरावा करायचा की नाही ते उद्या सकाळी हातच सांगेल. मी हसले, कारण माझ्याकडे रंगीत चित्रांची परदेशी पुस्तके होती. तुला जे मी माझे तत्त्व म्हणून ऐकवते आहे, ते त्यांचे आहे. माझे केस गेली कित्येक वर्षे आखूड आहेत आणि शाळेत सगळ्यांना ती माझी आवड वाटायची. खरे तर मला मानेमागे हात नेऊन वेणी घालता येईना, म्हणून मी ते कापले.

तेव्हा तुझी कसोटी तीच ठरव. रोज सकाळी, चहाच्या आधी, स्वतःच्या हाताने वेणी घालायची. कळ कालच्याइतकीच किंवा कमी असेल, तर आज कालचेच काम करायचे, आणि सलग आठवडाभर तशी राहिली तर अर्धा किलो वाढवायचा. वाढली असेल तर काम निम्मे करायचे. बंद मात्र करायचे नाही. काम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखले तर चालेल, त्यापुढे नाही. सुरुवात फिजिओथेरपिस्टसमोर रबरी पट्ट्याने कर: कोपर कमरेशी ठेवून हात बाहेर फिरवणे, मग हात अगदी बाजूला न नेता जरा पुढच्या तिरक्या रेषेत उचलणे. बेंचऐवजी जमिनीवर पाठ टेकून डंबेल प्रेस कर, म्हणजे कोपर खाली फार जाणार नाही. आणि कोपरे बाजूला काटकोनात फाकवण्याची तुझी सवय सोड. किमान बारा आठवडे धर. तिसऱ्या आठवड्यात नवा व्हिडिओ पाहून सगळे बदलशील, हे मला ठाऊक आहे. बदललेस तर मला कळवू नकोस. झटका बसून हात उचलताच येईना, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला, किंवा ताप येऊन सांधा सुजला, तर मात्र वेणी राहू दे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

राहिला गोळा. भरतीत तुम्हा मुलींचा गोळा ४ किलोचा आणि मैदानी चाचणीच्या ५० पैकी १५ गुण त्याचे. उरलेले ३५ तुझे पाय मिळवणार आहेत, आणि पायांना काहीही झालेले नाही. तरी नऊ आठवड्यांत तू ८०० मीटर एकदाही वेळ लावून पळाली नाहीस, याचे मला खांद्याहून जास्त वाईट वाटते. गोळा मानेला चिकटलेला ठेवून पायांनी आणि कमरेने रेटायचा असतो. तुझे कोपर खाली पडते, मग तू तो चेंडूसारखा भिरकावतेस आणि सारा भार खांद्यावर येतो. सध्या गोळा न घेता नुसती पायांची आणि कमरेची हालचाल कर. पट्ट्याचा व्यायाम सलग दोन आठवडे निभला की दोन किलोच्या चेंडूने, दिवसाआड, दहाच फेकी. पूर्वीच्या त्या चाळीस फेकी मी मोजल्या होत्या. तेव्हाच तुला थांबवायला हवे होते, पण तुझे अंतर वाढताना पाहून मलाही मोह झाला.

पुढच्या रविवारी ये. सात सकाळींचे सात आकडे कागदावर लिहून आण. अहवालाची फाईल घरी राहू दे.

तुझी,
बाई