चार संधी संपल्यानंतर

प्रश्न : आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी २३ वर्षांची आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, पुढे दोन वर्षे लातूरला राहून नीटची तयारी केली आणि २०२१ च्या नीटच्या गुणांवर एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाच्या तीन विषयांपैकी जीवरसायनशास्त्र मी पहिल्याच वेळी उत्तीर्ण झाले, शरीरक्रियाशास्त्र दुसऱ्या वेळी सुटले, शरीररचनाशास्त्र मात्र चारही वेळा राहिले. लेखी परीक्षेत दोनदा पासापुरते गुण होते, पण प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत गेले. गेल्या महिन्यात प्रवेश रद्द झाल्याचे पत्र हातात पडले. या महिनाअखेर वसतिगृहाची खोली सोडायची आहे.

घरी हे कोणालाच माहीत नाही. मी तिसऱ्या वर्षाला आहे असे आईवडील समजतात. वडिलांची सोयाबीन-कापसाची कोरडवाहू शेती आहे आणि शैक्षणिक कर्जावर त्यांची सही आहे. गावात मला डॉक्टरीणबाई म्हणतात. आत्या डॉक्टर मुलांची स्थळे आणते आहे. एका वर्गमित्राने परदेशी प्रवेश करून देणाऱ्या एजंटाचा नंबर दिला. तो म्हणतो, किर्गिझस्तानात जा, झालेले शिक्षण वजा होईल. मैत्रीण म्हणते, कोर्टात जा. मला वाटते, पुन्हा नीट द्यावी आणि कोणाला काही कळायच्या आत नवा प्रवेश घ्यावा. रात्री झोप लागत नाही, आणि लागली तर सकाळ होऊच नये असे वाटते. कॉटखाली हाडांची पेटी आहे, ती उघडवत नाही आणि तिचे काय करावे तेही कळत नाही. मी काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘सकाळ होऊच नये’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. बाकी सगळे नंतर. आज, हा अंक हाती पडेल त्याच दिवशी, १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र शासनाची टेलिमानस सेवा आहे. ती चोवीस तास आणि विनामूल्य चालते आणि मराठीतही बोलता येते. महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जाण्याचा संकोच वाटणे मी समजू शकते, कारण तिथे ओळखीचे चेहरे असतात. म्हणून हा क्रमांक आधी सांगितला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत एमबीबीएसच्या सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे नोंदवले होते. तुमच्या त्याच वर्गात, त्याच बाकांवर अशी मुले बसलेली होती, एवढेच त्यातून लक्षात घ्या.

आता निर्णयाकडे वळू. तुम्ही तीन वाटा लिहिल्या आहेत आणि त्या तिन्ही वाटांचा हेतू एकच दिसतो : घरी कळण्याच्या आत सारे झाकून टाकणे. माझे स्पष्ट मत असे आहे की घरी सांगितल्याशिवाय यातली कोणतीही वाट धरू नका, कारण झाकण्यासाठी घेतलेला निर्णय तुम्हाला झेपेल की नाही, हे तुम्ही स्वतःला विचारणारच नाही.

कोर्टाचे आधी सांगते. पहिल्या व्यावसायिक परीक्षेला, म्हणजे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेला, चारच संधी, हा नियम वैद्यकीय पदवी शिक्षणाच्या २०१९ च्या विनियमांपासून आहे आणि २०२३ च्या विनियमांत तो कायम आहे. कोविडच्या काळातल्या २०२०-२१ च्या तुकडीला आयोगाने अपवाद म्हणून एकदाच पाचवी संधी दिली होती. तुमची तुकडी त्यानंतरची. त्यामुळे ‘आणखी एक संधी द्या’ एवढ्याच मागणीवर वकिलाला पैसे देऊ नका. संधी मोजण्यात चूक झाली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. एखादाच पेपर देऊन आजारपणामुळे उरलेली परीक्षा सोडली, तरी नियमाप्रमाणे ती संधी धरली जाते. पण ज्या परीक्षेला तुम्ही बसलाच नाहीत तीही मोजली गेली आहे का, हे चारही गुणपत्रिका समोर ठेवून तपासा. शंका असल्यास माहितीच्या अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केला आहे, आणि अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. एवढे करून काही निघाले नाही, तर तो विषय मनातून काढून टाका.

एजंटाची वाट मी बंद करायला सांगते, आणि त्यासाठी कारणे पुरेशी आहेत. परदेशात शिकून भारतात नोंदणी हवी असेल, तर २०२१ च्या विनियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा संपूर्ण अभ्यासक्रम आणि त्यानंतरची १२ महिन्यांची इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत, इंग्रजी माध्यमातून पूर्ण करावी लागते. म्हणजे इथले काहीही ‘वजा’ होत नाही. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षेच ग्राह्य धरला जातो, आणि तुमचा त्याहून जुना आहे. परत आल्यावर ३०० पैकी १५० गुणांची चाळणी परीक्षा द्यावी लागते, जी एका वेळी बहुसंख्य उमेदवारांना पार करता येत नाही, आणि मग इथे आणखी एक वर्ष इंटर्नशिप. हे सगळे दुसऱ्या देशात, वडिलांच्या जमिनीवर कर्ज काढून, आणि त्याच शरीररचनाशास्त्रापासून पुन्हा सुरू.

राहिला नीटचा प्रश्न, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते. नीटला कमाल वयाची अट २०२२ पासून नाही आणि किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही, म्हणून ही वाट उघडी दिसते. पण चार संधी संपलेल्या विद्यार्थ्याच्या नव्या प्रवेशाबद्दल नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून लेखी उत्तर हाती आल्याशिवाय क्लासची फी भरू नका. कार्यालयातल्या कोणाचा ‘चालतंय की’ हा शब्द धरून चालू नका. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्ही का नापास झालात, याचे उत्तर आधी शोधा.

मी सव्वीस वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले. एका तोंडी परीक्षेला तिसऱ्या प्रयत्नातली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. तिच्या हातात मांडीचे हाड दिले. तिने ते फिरवले, गोल डोके आत आणि वर केले, हाडाचा बाक पुढे आणला आणि स्वतःच्या मांडीशी धरून बरोबर ‘उजवे’ असे सांगितले. त्यापुढचा प्रश्न मी इंग्रजीत विचारला आणि ती गप्प झाली. तिच्या अंगठ्याचे नख हाडाच्या मागच्या खडबडीत रेषेवरून वरखाली फिरत राहिले. म्हणजे उत्तर तिच्या बोटाखालीच होते. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने सुचवल्यावर मी तोच प्रश्न मराठीत विचारला, आणि तिने त्या रेषेला लागणारे स्नायू एकामागून एक सांगितले. ती उत्तीर्ण झाली, परंतु आधीच्या दोन परीक्षांना तिच्यासमोर मीच होते आणि मला हे सुचले नव्हते, याची खंत मला आजही आहे.

हे सांगण्याचे कारण असे की लेखी परीक्षेत दोनदा पासापुरते गुण आणि तोंडीत अपयश, हे तुमचे चित्र मला ओळखीचे आहे. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचे आणि टाचणी टोचलेल्या भागाचे नाव लिहायचे, त्या स्पॉटिंगच्या परीक्षेत तुमचा हात थांबत होता का? नाव आठवत होते पण लिहायला जमत नव्हते, की तो भाग ओळखताच येत नव्हता? विभागात प्रेताला हात लावताना दोन वर्षांनंतरही मळमळत होते का? यांतले पहिले असेल, तर तो भाषेचा आणि भीतीचा प्रश्न आहे आणि त्यावर इलाज होतो. शेवटचे दोन असतील, तर आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या या सगळ्या अभ्यासक्रमांत शरीररचना पुन्हा समोर येणार आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचा विचार करा. याचे प्रामाणिक उत्तर तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही.

मला विचाराल तर, पुढच्या एका वर्षात तुम्ही कोणत्यातरी पदवीच्या अभ्यासक्रमात असावे, असे मला मनापासून वाटते. चार वर्षे राबूनही कागदावर तुमची पात्रता आज बारावी उत्तीर्ण एवढीच आहे. ही गोष्ट कडू आहे, पण राज्यसेवेपासून बँकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी पदवी मागतात. जीवरसायनशास्त्र तुम्ही पहिल्या फटक्यात सोडवले आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांना तो विषय किती छळतो हे मी पाहिले आहे. जीवरसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी., एमएचटी-सीईटी देऊन बी.फार्म., किंवा आरोग्य विद्यापीठाचा प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम, या वाटा तुमच्या बळाच्या बाजूने जातात. पदवीनंतर सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आहे, तर आरोग्यविषयक संख्याशास्त्राचे देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत. खर्चाच्या दृष्टीने एक माहिती अवश्य वडिलांना सांगा : कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला आहे. तो केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशांना लागू होतो.

घरी सांगणे फोनवर करू नका. आईवडील दोघेही घरी असतील अशा दिवशी जा, गुणपत्रिका आणि प्रवेश रद्द झाल्याचे पत्र सोबत ठेवा, आणि चहापाण्याआधीच सांगा. इकडचे तिकडचे बोलत बसलात की धीर जातो. ‘मी चारदा नापास झाले, माझा प्रवेश रद्द झाला आहे आणि मी तुमच्याशी खोटे बोलले’ एवढेच आधी बोला. वडील चिडतील, आई रडेल, कदाचित दोन दिवस घरात कोणी नीट जेवणार नाही. एकटीने धीर होत नसेल, तर तुमच्या शाळेतल्या ज्या बाईंचा किंवा सरांचा शब्द वडील मानतात, त्यांना आधी सांगून सोबत घ्या. त्याच बैठकीत आत्याबाईंची स्थळेही थांबवायला सांगा. डॉक्टर होणारी मुलगी म्हणून तुमचे नाव पुढे जात असेल, तर ती समोरच्या घराची फसवणूक ठरेल आणि त्याची किंमत तुम्हालाच मोजावी लागेल.

बँकेतही वडिलांना घेऊन स्वतः जा. शिक्षण सुरू आहे असे समजून बँकेने हप्ते थांबवलेले असतात, व्याज मात्र चढत असते. अभ्यासक्रम सुटल्याचे त्यांना इतर कुठून कळण्याऐवजी तुमच्याकडून लेखी कळले, तर हप्ते पुन्हा बांधून मागताना तुमची बाजू बरी राहते.

खोली सोडण्यापूर्वी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र दिले असल्यास ते, आणि उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांच्या गुणपत्रिका ताब्यात घ्या. पुढच्या प्रवेशाला मधल्या वर्षांचे प्रतिज्ञापत्र लागेल. त्यात खरे तेच लिहा. ग्रंथालय, खाणावळ, वसतिगृह आणि शरीररचनाशास्त्र विभाग, या सर्वांचे नाहरकत शिक्के घ्यावे लागतील. हाडांची पेटी विभागातून घेतली असेल, तर ती नोंदवहीत तुमच्या नावावर आहे. देण्याआधी एकदा उघडा. मनगटाची हाडे बारीक असतात आणि तीच हरवतात. एका हाताची आठ भरली पाहिजेत. मोजून द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.