जास्तीत जास्त वेग काढताना वेळ कमी का घ्यायची?

प्रश्न : अंतर जवळच्या मीटरपर्यंत १०० मीटर आणि वेळ एका दशांश स्थळापर्यंत १२.५ सेकंद दिली होती. जास्तीत जास्त वेग काढण्यासाठी मी दोन्हींच्या वरच्या मर्यादा घेऊन १००.५ ला १२.५५ ने भागले, पण उत्तर चूक ठरले. शिवाय १००.५ ची आसन्न किंमत १०१ होते; मग ती १०० ची वरची मर्यादा कशी?

उत्तर : दुसरी शंका आधी घेऊ. खरे अंतर ९९.५ मीटर किंवा त्याहून जास्त, परंतु १००.५ मीटरहून कमी आहे, एवढेच आपल्याला ठाऊक असते. १००.५ ही संख्या स्वतः त्या टापूत येत नाही, ती त्याची वेस आहे. वेस म्हणून १००.४ घ्यावे तर १००.४५ बाहेर राहते, १००.४९ घ्यावे तर १००.४९५ बाहेर राहते, आणि हे कुठेच थांबत नाही.

वरच्या मर्यादा घेतल्या की उत्तरही वरचे येते, हा समज धन संख्यांच्या बेरजेत आणि गुणाकारात खरा ठरतो, म्हणूनच तो मनात पक्का बसतो. भागाकारात मात्र छेद वाढला की उत्तर घटते. त्यामुळे जास्तीत जास्त वेगासाठी १००.५ ला १२.४५ ने भागावे लागते, तेव्हा सुमारे ८.०७ येतात, कमीत कमी वेगासाठी ९९.५ ला १२.५५ ने भागल्यास सुमारे ७.९३. तुमच्या रीतीने ८.००८ आणि ७.९९२ ही टोके मिळतात, म्हणजे अनिश्चितता खऱ्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढी दिसते. उत्तर अचूक भासते, हाच त्यातला धोका.

वजाबाकीत तर याहून मोठी फसगत होते. जवळच्या सेंटीमीटरपर्यंत मोजलेल्या ५० आणि ४८ सेंटीमीटरच्या दोन काठ्यांतील फरक २ सेंटीमीटर वाटतो; पण ५०.५ मधून ४७.५ वजा केल्यास ३ येतात आणि ४९.५ मधून ४८.५ वजा केल्यास १.

आता वेगाचे उत्तर कसे लिहावे? पूर्णांकापर्यंत घेतल्यास दोन्ही मर्यादा ८ देतात, तर एका दशांश स्थळापर्यंत ७.९ आणि ८.१ अशा वेगळ्या होतात. म्हणून ८ मीटर प्रति सेकंद असे लिहावे; ८.० लिहिल्यास त्यातील शून्याला आधार नाही.