स्लॅबमधला रुपया पुन्हा ग्रेडिंगला पाठवावा का?

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहतो. येथील एका लिलावात मी पंचम जॉर्जचा १९११ चा चांदीचा रुपया घेतला. नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या (ग्रेडिंग करणाऱ्या) एका नामांकित अमेरिकी कंपनीच्या स्लॅबमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, तो बंद असून त्याला एमएस ६२ (एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, चलनात न फिरलेले) अशी ग्रेड मिळालेली आहे. माझ्या मते तो ६३ किंवा ६४ च्या तोडीचा आहे. तो पुन्हा ग्रेडिंगला पाठवावा का, आणि पाठवायचा झाल्यास स्लॅब फोडून पाठवावा का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : स्लॅब फोडू नये, हे आधीच सांगून टाकतो. पुन्हा पाठवावे की नाही, हे मात्र एकाच गोष्टीवर ठरवावे : परीक्षकाने ६२ वर हात का आखडला असावा, हे आपण नाण्यावर बोट ठेवून दाखवू शकता का? आपले नाणे लेबलापेक्षा चांगले आहे, असे जवळपास प्रत्येक संग्राहकाला वाटते, आणि पदरचे पैसे मोजलेले असले की जरा जास्तच वाटते.

६० ते ७० हे आकडे चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी आहेत. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी केलेल्या मोजपट्टीवरून ते आले. ६२ आणि ६३ यांच्यातला फरक झिजेचा नसतो. तो ओरखडे किती व कोठे आहेत आणि मूळ चमक किती टिकली आहे, यांचा असतो. राजाच्या गालावरचा एक ठळक ओरखडा मागच्या बाजूच्या वेलबुट्टीत लपलेल्या चार ओरखड्यांपेक्षा महाग पडतो. म्हणून खोलीतले बाकीचे दिवे मालवून, एकाच बल्बच्या प्रकाशात नाणे हळूहळू तिरके करत फिरवून पाहावे. चमकेचा पट्टा नाण्यावरून अखंड फिरला पाहिजे. तो गालावर, मिशीवर किंवा मुकुटाच्या उंच भागावर राखाडी होऊन तुटत असेल, तर तेथे घासट आहे. अशा नाण्याला ६२ मिळाले हेच नशीब समजावे, कारण दुसरा परीक्षक त्याला ५८ देऊ शकतो. मात्र ठसा नीट न बसल्यामुळेही उंच भाग सपाट दिसतो आणि तेव्हा त्या सपाट जागी चमक शाबूत असते. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक, एकाच दिशेने गेलेल्या रेघा दिसल्या, तर कोणीतरी कधीतरी नाणे फडक्याने पुसलेले आहे, आणि बहुधा ६२ चे कारण तेच आहे. हे सारे फोटोत दिसत नाही, आणि स्लॅबच्या प्लास्टिकवरचे ओरखडे नाण्याचेच वाटण्याचाही संभव असतो. तसे असल्यास फक्त स्लॅब बदलून घेण्याची सोय असते व ती स्वस्त पडते.

आता किमतीचा भाग. १९११ च्या रुपयाची गोष्ट आपल्याला ठाऊक असेलच. राजाच्या झग्यावर कोरलेल्या माळेतला हत्ती आखूड सोंडेमुळे लोकांना डुकरासारखा वाटला, मुसलमान समाजात नाराजी पसरली आणि सरकारने नाणे मागे घेतले. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी सुमारे ७ लाखच वाटपात गेले होते. बाकीचे वितळवले गेले आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीची सोंड स्पष्ट झाली. त्यामुळे या नाण्याचा गिऱ्हाईक आधी वर्ष पाहतो आणि मग ग्रेड. १९१२ किंवा १९१८ च्या रुपयाला एका आकड्याने किती भाव वाढतो, यावरून हिशोब करू नये. याच वर्षाच्या, याच कंपनीच्या स्लॅबमधील नाण्यांचे झालेले लिलाव पाहावेत. समजा, ६२ आणि ६३ मध्ये २०० डॉलरचे अंतर दिसले आणि शुल्क, जाण्यायेण्याचे टपाल व विमा मिळून ७० डॉलर लागणार असतील, तर यशाची शक्यता ३५ टक्क्यांहून अधिक असल्याशिवाय पाठवण्यात अर्थ नाही. प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा त्याहून कमी येते. नाणे विकायचेच नसेल, तर हा हिशोबही अनावश्यक आहे.

तरीही पाठवायचे ठरल्यास, स्लॅब तसाच ठेवून फेरविचार मागण्याची सेवा निवडावी. तीत ग्रेड वाढणार असेल तरच स्लॅब उघडला जातो, आणि नाही वाढली तर फक्त शुल्क जाते. ग्रेड वाढल्यास वाढीव मूल्याच्या प्रमाणात वेगळी आकारणी होऊ शकते, हे अर्जात आधी वाचून घ्यावे. स्लॅब स्वतः फोडला, तर जुन्या ग्रेडचे संरक्षण जाते आणि ६० किंवा ‘डीटेल्स’ (साफ केलेले वा बिघडलेले नाणे, म्हणून आकडा नाही) असा शेराही पदरी पडू शकतो. पाठवण्यापूर्वी नाणे ‘डिप’ करून उजळवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. ते आम्लयुक्त द्रावण काळपटपणाबरोबर चमकेचा वरचा थरही काढून टाकते.

प्रश्न : आजीकडून मिळालेला १९११ चाच रुपया घरात चिंच लावून घासला गेला होता. ग्रेडिंगमध्ये त्यावर ‘साफ केलेले’ असा शेरा आला. आता तो परदेशातील दुसऱ्या कंपनीकडे पाठवल्यास आकडा मिळेल काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा मिळणार नाही. घासण्याने गेलेला पृष्ठभाग परत येत नाही आणि अनुभवी परीक्षकाला तो पहिल्या नजरेत कळतो. त्याहून महत्त्वाची बाब अशी की १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे जुने नाणे पुरावशेष ठरते आणि ते खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाही. ग्रेडिंगसाठी पाठवून परत आणायचे आहे, हे कारण तेथे चालत नाही. बाहेर पाठवून देण्याची हमी देणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. नाणे स्लॅबमधून बाहेर काढले असेल, तर ते पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नये, कारण त्यातून सुटणारे द्रव्य चांदीवर हिरवट चिकट थर धरते. कडक, पीव्हीसीविरहित कॅप्सूल घ्यावी.