‘पोराच्या अंगाला काय लागंना’

“मॅडम, गोळी एक दिवस चुकवत न्हाई, तरी पोराच्या अंगाला काय लागंना. एखादी पावडर ल्हिऊन द्या की.”

करवीर तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या आजी. शेजारी नातू, वय नऊ, वजन १९ किलो, चार महिने काटा तिथंच. आई-वडील दोघंही नाहीत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांच्या घरून हा प्रश्न मला सतत येतो, आणि मजुरीचे पैसे पावडरच्या डब्यात घालणारी माणसं बघून जीव तुटतो.

वजन अडलं की आधी कारण शोधायचं. डॉक्टरांनी टीबीची तपासणी केली, तोंडात पांढरा थर किंवा जखमा आहेत का पाहिलं, जंताची गोळी दिली, व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासायला सांगितलं. टीबी नव्हता, विषाणू दबलेला होता. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, आपलं काम करत होती. उरलं ते खाणं.

“आज सकाळपासून काय खाल्लं?”

“च्या-बटर. मग येताना गंगावेशीत धारोष्ण दूध पाजलं, ताकद यावी म्हणून.”

त्या पेल्यात आजीची सगळी माया होती. तरी सांगावं लागलं: कच्च्या दुधातून जुलाबाचे, टीबीचेसुद्धा जंतू पोटात जाऊ शकतात, आणि अशा मुलाला जुलाबाचा एक आठवडा फार महाग पडतो. दूध म्हशीचंच द्या, पण उकळून.

मग विचारलं, “काल रात्री जेवायला कोण कोण बसलं होतं?”

आजी पदराशी चाळा करत राहिल्या. “समदी आत बसत्यात. ह्यो सोप्यात. ताट-तांब्या येगळा. धाकटी सून म्हणती, घरात बारकी पोरं हायती.”

एकदा वाढलेलं तो खायचा. आणखी मागायला आत जायची त्याला चोरी. आधीच्या दोन भेटींत मी ‘काय खातो’ एवढंच विचारलं होतं, ‘कुठं बसून’ हे विचारलं नव्हतं. ती चूक माझी.

सुनेला त्याचा आजार माहीत होता. पुढच्या भेटीला आजी तिलाच घेऊन आल्या. एका ताटात जेवल्यानं, एका तांब्यातलं पाणी प्यायल्यानं, उष्टं खाल्ल्यानं, पोरं एकत्र खेळल्यानं एचआयव्ही पसरत नाही. रक्त लागू शकेल अशा ब्लेडसारख्या वस्तू तेवढ्या वेगळ्या. ती ऐकत होती. म्हणाली, “मग हे आमाला आधी कुणी का सांगितलं न्हाई?” तिच्यावर राग धरावा असं मला तेव्हाही वाटलं नाही.

लक्षणं नसली तरी या मुलांना बरोबरीच्या पोरांपेक्षा साधारण १० टक्के जास्त ऊर्जा लागते. वजन घटायला लागलं तर गरज दीडपट-दुप्पट होते. एवढं एका बैठकीत पोटात जात नाही, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. भाकरीवर चमचाभर तेल किंवा तूप, भाजीत दाण्याचं कूट, गूळ घातलेली नाचणीची खीर, रोज एक उकडलेलं अंडं, घट्ट वरण. रविवारी मटण शिजलं तर नुसत्या रश्श्यावर भागवू नका, दोन फोडी त्याच्याही ताटात पडू देत. तोंड आलं असेल तर तांबडा झोंबतो, तेव्हा पांढरा.

आणि टॉनिक मनानं आणू नका. लोह-कॅल्शियम असलेल्या टॉनिकमुळे डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या गोळीचा असर कमी होऊ शकतो. कधी, कशाबरोबर द्यायचं ते डॉक्टर सांगतील. मुलांचा डोसही वजनावर ठरतो, त्यामुळे दर भेटीला काट्यावर उभं करायचंच. अशा निराधार मुलांना मदत देणाऱ्या सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज आम्ही त्याच दिवशी भरला.

तीन महिन्यांनी काटा २० किलो ३०० ग्रॅमवर गेला. आजींची आता वेगळीच तक्रार आहे. दोन्ही नातू शेजारी बसतात आणि धाकटा ह्याच्या ताटातलं अंडं उचलतो. म्हटलं, आजी, दोन उकडा.