कंटाळवाण्या पोस्टींना वैतागलात? आधी हे करा

सोशल मीडिया सोडू नका. तुम्ही नवीन आहात, आणि सगळं समोर येतंय ते तुम्ही अजून काही निवडलं नाही म्हणून.

फेसबुकवर नातेवाइकाला मित्रयादीतून काढायची गरज नाही. नुसतं 'अनफॉलो' करा, म्हणजे त्यांच्या पोस्टी तुम्हाला दिसायच्या थांबतात. त्यांना कळत नाही, संबंधही टिकतात. एखादा फक्त निवडणुकीच्या काळातच चेकाळत असेल तर 30 दिवसांचं 'स्नूझ', म्हणजे तेवढ्यापुरत्या त्याच्या पोस्टी बंद, पुरतं. व्हॉट्सॲपवरच्या गुड मॉर्निंगच्या फुलांसाठी ग्रुप म्यूट करा आणि फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद करा, फोनची जागा तरी वाचेल. मेसेजवर 'फॉरवर्ड'चा दुहेरी बाण दिसला की समजा, तो मेसेज बरेच हात फिरून आलाय. असे मेसेज 2020 पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतात, तरी ते येतातच.

चिडून कमेंट मात्र करू नका. तुमचा रागही प्रतिसाद म्हणूनच मोजला जातो आणि तसलंच आणखी समोर येतं.

आता तुमच्या स्वतःच्या पोस्टबद्दल, कारण मला खरी कळकळ याची आहे. 'आज राजगड, मस्त वाटलं' एवढ्यावर थांबू नका हो! गुंजवण्याकडून चोरदरवाज्याने चढलात की पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी, पद्मावती माचीवर पाणी कसं होतं, बालेकिल्ल्याच्या चढावर आई-बाबांना झेपेल का, ते लिहा. पुढच्या रविवारी निघणारा माणूस ते शेवटपर्यंत वाचतो.