रेल्स (रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) ॲपमध्ये कोणाला काय करता येईल, या परवानग्यांसाठी पंडित घ्यावं की कॅनकॅनकॅन? दोन्ही जेम, म्हणजे तयार रुबी लायब्ररी आहेत.
वापरकर्त्यांच्या भूमिका (ॲडमिन, संपादक वगैरे) दोन-तीनच असतील तर कॅनकॅनकॅन पुरे. सगळे नियम एका ॲबिलिटी क्लासमध्ये दिसतात. मॉडेल (डेटाचे प्रकार दाखवणारे क्लास) वाढणार असतील तर पंडितच घ्या: प्रत्येक मॉडेलची वेगळी पॉलिसी (परवानगीचे नियम), तीही साधा रुबी क्लास, त्यामुळे टेस्ट सोपी.

पंडितमध्ये घात होतो तो यादीच्या पानावर. तिथे ‘ऑथराइझ’ (परवानगी तपासणं) लिहिलं आणि ‘पॉलिसी स्कोप’ (बघायची मुभा असलेल्या नोंदीच निवडणं) विसरलात, तर दुसऱ्यांच्या नोंदीही दिसतात. ‘व्हेरिफाय ऑथराइझ्ड’, म्हणजे ‘ऑथराइझ’ लिहिलं होतं का याची तपासणी, ॲक्शननंतर (विनंती हाताळणारा कोड संपल्यावर) चालतं, म्हणजे तोवर डेटाबेसमध्ये बदल होऊन गेलेला असू शकतो. ती फक्त विसरल्याची आठवण आहे, संरक्षण नव्हे. परवानगी नाकारली जाते का, याच्या टेस्ट लिहाच.

जेम घेण्याआधी चेंजलॉग (आवृत्त्यांमधल्या बदलांची यादी) वाचा, नव्या रेल्सवर तिच्या टेस्ट चालतात का बघा. मूळ कॅनकॅनची देखभाल थांबली म्हणूनच कॅनकॅनकॅन निघालं.