अवरक्त: ‘अतिरक्त’ म्हणू नका

लष्करमधून (ग्वाल्हेरच्या, फौजेतून नव्हे) एका वाचकाची विचारणा: “आकाशगंगेचा नकाशा अवरक्त किरणांनी काढतात, असं मुलीच्या पुस्तकात आहे. इथे सगळे अतिरक्त म्हणतात. बरोबर काय? आणि या किरणांनी नकाशा निघतो कसा?”

अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड: तांबड्याच्या अलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण. ‘अतिरक्त’ ऐकलं की माझं डोकं उठतं. अतिनील आहे म्हणून अतिरक्त, हा हिशेबच चुकीचा. नीलाच्या पलीकडे कंपनसंख्या वाढते म्हणून अति. तांबड्याच्या अलीकडे घटते म्हणून अव. संपलं.

खरी मजा ‘रक्त’मध्ये. या शब्दाने दवाखाना आठवतो म्हणून ‘इन्फ्रारेडच बरं’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं: रक्त हे मुळात विशेषण. धातू रञ्ज्, म्हणजे रंगणे. रंगलेलं ते रक्त. त्याच घरातले रंजन, अनुरक्त, विरक्त आणि राग. मराठी माणसाचा राग नाकावर, ग्वाल्हेरचा गळ्यात! रंगसुद्धा इथलाच. तो निव्वळ फारसीतून आला म्हणणाऱ्या कोशवाल्यांनी संस्कृतातला ‘रङ्ग’ पाहिला नाही, की पाहून गप्प बसले? फारसीतही आहे, असेना.

माझं जुनं म्हणणं असं, की या किरणांना ‘विरक्त’च शोभलं असतं. आकाशगंगेतली धूळ निळा प्रकाश फार अडवते, तांबडा कमी. हे किरण मात्र तिच्यात फारसे न गुंतता निघून येतात. संस्कृतच्या एका प्राध्यापकांचा आक्षेप, की विरक्त म्हणजे रंग उडालेला. मग? तांबडा संपल्यावरचाच हा प्रकाश!

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलची गंमत पाहा. १७८५ मध्ये तारे मोजून त्याने आकाशगंगेचा नकाशा काढला आणि सूर्य जवळजवळ मध्यावर बसवला, कारण धुळीपलीकडचं दिसतच नव्हतं. १८०० मध्ये तापमापी लावून अवरक्त किरण शोधले तेही त्यानेच. औषध हाती आलं, रोगाचा पत्ता नाही. खरं केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे.

हां, नकाशा. १९९७ ते २००१ या काळात ॲरिझोना आणि चिलीतल्या दोन दुर्बिणींनी ‘टू मास’ पाहणीत सगळं आकाश अवरक्तात टिपलं. तांबड्या राक्षसी (म्हातारपणी फुगलेल्या) ताऱ्यांच्या एका गटाचं मूळ तेज जवळपास सारखंच असतं, तेव्हा त्यांतला मंद दिसेल तो दूरचा. अशी अंतरं मांडत गेलं की केंद्रातून आरपार गेलेला ताऱ्यांचा लांबट दांडा उमटतो, एक टोक आपल्या बाजूला आलेला.